काकांची एचटी

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक चहाचे हॉटेल आहे. रविवारी सकाळी, बाजार पुरता भरण्याआधी, त्याच्यासमोर आठ-दहा जुन्या मोटारसायकली ओळीने उभ्या राहतात आणि त्यांचे मालक आत बसून एकमेकांच्या गाड्या अस्सल कशा नाहीत हे सिद्ध करण्यात दोन तास घालवतात. या सभेचे आम्ही जुने सभासद. सभासदत्वाला खरे तर गाडी लागते, आणि आमच्या मालकीची अशी गाडी कधीच नव्हती. ती होती आमच्या धाकट्या काकांची. तिच्या पुण्याईवर आम्हाला तेथे एक खुर्ची मिळाली होती. काका गेल्या वर्षी गेले. त्यानंतर त्या गाडीचे जे झाले ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. लिहिले नाही, कारण त्यात काकांची थोडी आणि आमची बरीच फजिती आहे. पण त्या निमित्ताने जो प्रश्न पुढे उभा राहिला तो केवळ मोटारसायकलीचा नाही असे आता वाटते. म्हणून हा खटाटोप.

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘मसल कार’ नावाचा प्रकार रूढ झाला. मध्यम आकाराची, सामान्य माणसाच्या आवाक्यातली मोटार घ्यायची आणि तिच्या पोटात थोरल्या मोटारीचे इंजिन बसवायचे, अशी ती साधी कल्पना. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ ही या घराण्याची मूळ पुरुष मानली जाते. आपल्याकडे त्या काळात मोटार म्हणजे अँबॅसिडर किंवा फियाट, आणि तीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर. त्यामुळे आपल्या तरुणांनी आपली रग दोन चाकांवरच भागवली. या दोन चाकांच्या रगेचे शिखर म्हणजे राजदूत ३५०.

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याने ही गाडी १९८३ मध्ये आणली. तिचे मूळ जपानी रूप आरडी ३५० हे १९७३ चे, म्हणजे आपल्याकडे ती दहा वर्षे उशिराच पोहोचली. तरीही ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर हा ऐवज त्या वेळच्या भारतीय रस्त्यावर अद्भुत होता. बुलेटला तेव्हा चारच गिअर होते. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती सांगितली जाई; भारतात येताना ती ३०.५ वर उतरली आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक जाऊन तेथे ड्रम आला. एवढे करूनही गाडी पेट्रोल फार पिते ही तक्रार राहिली, तेव्हा कंपनीने काही वर्षांत २७ अश्वशक्तीची दुसरी आवृत्ती काढली. पहिली ‘हाय टॉर्क’ म्हणजे एचटी, दुसरी ‘लो टॉर्क’ म्हणजे एलटी. दशक संपता संपता दोन्ही बंद पडल्या. बाहेरून पाहणाऱ्याला या दोघी जुळ्या बहिणी वाटतात. फरक मुख्यतः आत आहे. सिलिंडरच्या भिंतीत जे झरोके असतात, ज्यांना मेकॅनिक मंडळी पोर्ट म्हणतात, ज्यांतून पेट्रोलचे मिश्रण येते आणि जळलेला धूर जातो, त्यांच्या घडणीत आणि सायलेन्सरांत तो फरक आहे. एखाद्या गवयाचा आवाज आणि त्याच्या भावाचा आवाज यांत जो फरक असतो तो गळ्यात असतो, चेहऱ्यात नसतो, तसेच हे.

साडेतीन अश्वशक्तीचा हा फरक. पण या साडेतीन घोड्यांवरून शहागंजात जेवढे वाद झाले तेवढे नानखलियाच्या अस्सल पाकक्रियेवरूनही झाले नसतील. बाजारात एचटीला जो भाव मिळतो तो एलटीला मिळत नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. जो एचटीवर बसतो तो स्वतःही काही अंशी एचटी होतो.

आमच्या सभेत चार पक्ष होते, आणि ते नीट समजून घेतले पाहिजेत, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्याच तोंडून झाला.

पहिला पक्ष येझदीवाल्यांचा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने निघालेल्या या गाड्या १९९६ मध्ये बंद पडल्या. येझदीत किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच असतो. त्यावर ज्याचा पाय बसला त्यालाच ते अस्सलपण कळते, असे यांचे म्हणणे. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले तेव्हा या मंडळींना आनंद व्हायला हवा होता. झाला उलटाच प्रकार. नवी गाडी फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. दोन बाजूंना दोन सायलेन्सर मात्र आठवणीने लावलेले. आमच्या एका येझदीवाल्याने त्यावर दिलेला निकाल असा, की हे आजोबांचे धोतर नेसून आलेले परके गृहस्थ आहेत.

दुसरा पक्ष आरएक्स हंड्रेडवाल्यांचा. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ही अवघ्या ९८ सीसीची यामाहा वजनाला जेमतेम १०३ किलो, आणि ताकद ११ अश्वशक्ती. यांचा धर्म एकच: पळते की नाही? पळत असेल तर अस्सल. हे लोक सिलिंडरचे पोर्ट कानसीने घासून मोठे करतात, कार्बोरेटर बदलतात, आणि त्याला भ्रष्टाचार न म्हणता साधना म्हणतात.

तिसरा पक्ष कागदवाल्यांचा. यांच्यासाठी गाडी म्हणजे आरसी बुक. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी जुळला की यांचे समाधान. यांना अमेरिकेत मोठा आधार आहे. तेथील मसल कारच्या बाजारात ‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जातो. कारखान्यातून निघताना जे इंजिन होते तेच आजही आहे, हे नंबरांवरून सिद्ध झाले तर किंमत कित्येक पटींनी चढते. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळा नियम केला. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेले वाहन असेल तर त्याला ‘व्हीए’ या अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. राजदूत ३५० ला अजून तो मान नाही. तिची पहिली गाडी पन्नाशी गाठेल २०३३ मध्ये. कागदवाले तोपर्यंत जगण्याची तयारी करत आहेत.

चौथा पक्ष एका माणसाचा. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आमच्यात बसतात. बजाजचा वाळूजचा प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि या शहराची कूस बदलली. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी यांच्याभोवती फिरणारे औरंगाबाद पाळ्यांच्या भोंग्यावर चालू लागले. हे गृहस्थ पहिल्या काही वर्षांत तेथे लागलेले. त्यांना आमचा वाद मुळातच समजत नसे. ते म्हणत, “अहो, आम्ही दिवसभर पेटीतून पिस्टन उचलायचो आणि बसवायचो. या गाडीतला त्या गाडीत गेला असता तर कुणाचे काही बिघडले नसते. सुटा भाग बदलता येतो म्हणूनच तर तो सुटा भाग. तुम्ही त्यात आत्मा कुठून शोधता?” या प्रश्नावर सभा नेहमी थोडा वेळ गप्प होई आणि मग विषय बदले.

आता काकांकडे वळतो. काका एका सहकारी बँकेत कारकून होते. १९८९ मध्ये त्यांनी १९८४ सालची राजदूत ३५०, एचटी, वापरलेली घेतली. कारकुनाला ती परवडत नव्हती हे घरातल्या सगळ्यांनी त्यांना सांगितले. पेट्रोल पंपाने ते त्यांना दर आठवड्याला सांगितले. काकांना मूलबाळ नव्हते. सुटीच्या दिवशी मागच्या सीटवर बसण्याचा मान आमचा होता. १९९८ च्या दिवाळीच्या सुटीत, आम्ही दहावीत असताना, दौलताबादच्या रस्त्यावर एका चढात त्यांनी एका बुलेटला असे मागे टाकले की तो वारा आजही कानांत आहे. पुढचे चाक हलके झाल्याचा भास झाला होता, निळा धूर मागे पसरला होता, आणि काकांनी वळूनही पाहिले नव्हते. ही हकीकत आम्ही शहागंजच्या सभेत किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी तिचा शेवट एकाच वाक्याने होई: “शेवटी एचटी ती एचटी.”

काका गेल्यावर गाडी वाड्याच्या ओसरीत उभी राहिली. काकूंनी काही महिन्यांनी विषय काढला. ओसरीला ओल आली आहे, छपराचे काम काढायचे आहे, आणि निवृत्तिवेतनात ते भागत नाही. गाडी चांगल्या माणसाकडे जावी एवढीच त्यांची इच्छा होती. पुण्याचा एक संग्राहक तयार झाला. त्याने दिलेला आकडा ऐकून आम्हालाच खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्याची अट एवढीच होती की गाडी एचटी असली पाहिजे, आणि इंजिन आम्ही आमच्या विश्वासाच्या मेकॅनिककडून उघडून तपासून द्यावे.

शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचे उस्ताद आहेत. टू-स्ट्रोक इंजिनाचे असे कान आता शहरात थोडे उरले. त्यांनी आधी नंबर पाहिला. क्रँककेसवरचा गंज घासून आकडे वर आले, आरसी बुकाशी ताडून पाहिले, सगळे जुळले. कागदवाले आमच्या सोबत होते, त्यांनी तेथेच पेढे मागवण्याची भाषा सुरू केली. मग उस्तादांनी हेड उतरवले, दोन्ही सिलिंडर उचलले, एक उलटा करून उजेडाकडे धरला, त्यात बोट फिरवले, दुसरा पाहिला, आणि फडक्याला हात पुसत शांतपणे म्हणाले, “मियां, नंबर तो बराबर है. लेकिन ये सिलिंडर एलटी के हैं.”

गोष्ट यांत्रिकदृष्ट्या अगदी साधी होती. इंजिनाचा नंबर असतो क्रँककेसवर, म्हणजे खालच्या पेटीवर. सिलिंडर तिच्यावर बोल्टांनी बसवलेले असतात आणि त्यांचा आरसी बुकाशी काही संबंध नसतो. टू-स्ट्रोकचा सिलिंडर झिजतो. तो लेथवर बोअर करून थोडा मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. असे काही वेळा करता येते, मग भिंत संपते. कधीतरी ती संपली होती आणि तेथे एलटीचे सिलिंडर आले होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने, आणि अमेरिकेतल्या त्या मंत्राच्या दृष्टीनेही, काकांची गाडी शंभर टक्के अस्सल होती. फक्त ज्या गोष्टीसाठी ती प्रसिद्ध होती ती गोष्ट तिच्यात नव्हती.

त्या संध्याकाळी काकूंना सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तुझे काका खोटे बोलत होते का रे?” आम्हाला उत्तर देता आले नाही. मग त्या आत गेल्या आणि एक लांबट, लाल कापडी बांधणीची, बँकेत खतावणीला वापरतात तसली वही घेऊन आल्या. “यात ते गाडीचे काहीतरी लिहीत. मला त्यातले कळत नाही. बघ.”

ती वही आम्ही रात्रभर वाचली. बँकेतल्या माणसाने गाडीचा संसार लिहावा तसा तो हिशेब होता: तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, भाव काय, ऑइल किती, प्लग कधी बदलला. डिसेंबर १९९६ च्या पानावर, इतर नोंदींसारख्याच अक्षरात, लिहिले होते: “दोन्ही सिलिंडर बदलले. एलटीचे. एचटीचे मिळाले नाहीत.” पुढे खर्च. त्याआधीच्या पानांवर गाडीचे अ‍ॅव्हरेज सतरा-अठरा होते. नंतरच्या पानांवर ते बावीस-तेवीस झाले होते. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी ती पाने पुरेशी होती. दौलताबादची फेरी १९९८ ची. म्हणजे बुलेटला मागे टाकले ते एलटीने. पंचवीस वर्षे ज्या पराक्रमाचे आम्ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हणून मिरवलो, त्यातला मुख्य नायकच तेथे हजर नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली, आणि ती जास्त टोचली. काकांच्या तोंडून “ही एचटी आहे” असे वाक्य १९९६ नंतर कधी ऐकले होते का, ते आम्ही खूप आठवून पाहिले. आठवेना. ते वाक्य आमचे होते. आम्ही सांगायचो, सभा माना डोलवायची, आणि काका समोर असले तर बशीत चहा ओतत हसायचे. त्यांनी कधी दुरुस्त केले नाही, हा त्यांचा भाग. उरलेली दंतकथा आमच्या कारखान्यातली.

रविवारी वही घेऊन सभेत गेलो. कागदवाल्यांचा निर्णय लगेच झाला. नंबर जुळतो, विषय संपला. खरेदीदाराला सिलिंडरची पुराणे सांगायची गरज नाही. आरएक्सवाल्यांनी त्याहून रम्य मार्ग सुचवला. याच सिलिंडरांचे पोर्ट एचटीच्या मापाला घासून द्यायचे. उस्तादांच्या हाताला ते अवघड नाही. मग गाडी एचटीसारखी पळेल, एचटीसारखी पेट्रोल पिईल, नंबरही एचटीचा; आता ती एचटी नाही असे कोण आणि कशाच्या जोरावर म्हणणार? येझदीवाल्याने मान हलवली, पण बोलला नाही. वाळूजच्या फिटरांनी मात्र एक वेगळाच प्रश्न विचारला. “त्या बुलेटला मागे टाकायला एचटी लागते असे तुम्हाला कुणी सांगितले? बुलेटची ताकद अठरा अश्वशक्ती. तुमची एलटी सत्तावीसची. त्यात तुम्ही तेव्हा पन्नास किलोचे असाल. एवढे पुरेसे होते. तुम्ही कधी हिशेबच केला नाही.”

खरेच केला नव्हता. वेगाच्या आख्यायिकांत हिशेब कुणी करत नाही. अमेरिकेतही केला नाही. तेथील कंपन्या १९७१ पर्यंत इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरचा सगळा बोजा उतरवून मोजलेली ताकद छापत. १९७२ पासून प्रत्यक्ष गाडीत बसवलेल्या स्थितीतली ताकद छापण्याची पद्धत आली, आणि शेव्हरोले कॉर्व्हेटचे साधे ३५० घनइंची इंजिन २७० अश्वशक्तीवरून एका वर्षात कागदावर २०० वर आले. ही घट मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीची होती. ज्या जीटीओचा उल्लेख वर केला तिची कहाणी तर आमच्या काकांच्या गाडीचे उलटे प्रतिबिंब आहे. १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने तिची चाचणी घेतली आणि थक्क करणारे आकडे छापले. त्या आकड्यांवर तिची कीर्ती उभी राहिली. पॉन्टियाकची जाहिरात सांभाळणारे जिम वँगर्स यांनी पुढे कितीतरी वर्षांनी कबूल केले की चाचणीच्या गाडीत ३८९ घनइंची इंजिनाऐवजी ४२१ घनइंची इंजिन गुपचूप बसवले होते. बाहेरून तीच गाडी, आत दुसरेच हृदय. आमच्याकडे मोठ्या नावाखाली लहान सिलिंडर निघाले, त्यांच्याकडे लहान नावाखाली मोठे इंजिन. दंतकथा दोन्हीकडे सारखीच झळाळली.

मग अस्सल म्हणजे काय? हा प्रश्न मोटारींपेक्षा फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या सगळ्यांच्या आधाराने वापरात आलेले ‘रथ’ हे एक नाव आहे. वाळूजचे फिटर नागसेनाच्याच परंपरेतले म्हणायचे. फक्त त्यांनी ती परंपरा असेंब्ली लाइनवर आत्मसात केली. पण नागसेनाच्या उत्तराने आमचे भागत नव्हते. गाडी हे केवळ नाव आहे हे मान्य केले, तरी त्या नावाचे पैसे पुण्याचा मनुष्य मोजणार होता.

उत्तर शेवटी सापडले ते गोदावरीच्या काठी. शहागंजपासून पैठण सुमारे ५० किलोमीटर. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या, भाविकांच्या हातून भर पडली. एकनाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. मराठी वाचकाला हे शाळेपासून ठाऊक असते. त्यांनी पुढच्यांना बजावले, की या ग्रंथात स्वतःची ओवी घालू नका. हेही ठाऊक असते. आम्हाला या वेळी जाणवले ते तिसरेच. त्यांनी दुरुस्तीचे साल आणि स्वतःचे नाव लिहून ठेवले. आपण हात लावला, कधी लावला, कशासाठी लावला, हे सांगितले. मूळ प्रत म्हणून ती लोकांच्या हाती दिली नाही. शुद्ध केलेली प्रत म्हणून दिली. म्हणूनच राजवाड्यांसारख्या संशोधकाला विसाव्या शतकात एकनाथपूर्व पाठाचा शोध घेता आला आणि १९०९ मध्ये एक निराळी प्रत छापून त्यावर वाद घालता आला. एकनाथांनी नाव घातले नसते तर शोधायचे काय हेच कळले नसते.

काकांची वही हा तसाच प्रकार होता. तोलामोलाची तुलना नव्हे ही. कारकुनाच्या खतावणीला संतांच्या शेजारी बसवण्याचा आमचा इरादा नाही. पण रीत तीच. लोखंड झिजते, बदलावे लागते. न झिजणारी गाडी फक्त न चालवलेली गाडी असते. ज्याने बदलले त्याने लिहून ठेवले तर वस्तू अस्सल राहते, लपवले तर नंबर जुळूनही ती बनावट होते. आरएक्सवाल्यांच्या युक्तीत खोट होती ती कानसीची नव्हती. पोर्ट घासायला आमची काय हरकत? घासून “हे १९८४ पासून असेच आहेत” म्हणण्यात खोट होती.

तरीही सांगून टाकणे सोपे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आकड्यांतला फरक काकूंच्या छपराएवढा होता, आणि छप्पर आमचे नव्हते. शेवटी निर्णय त्यांनाच विचारला. दोन्ही बाजू मांडल्या, सभेचा कौलही सांगितला. काकूंनी वहीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “लपवायचे असते तर त्यांनी लिहिले असते का?”

पुण्याच्या गृहस्थांना सिलिंडरांचे आणि त्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यांनी दोन दिवसांनी सभ्य शब्दांत नकार कळवला. त्यांना एचटी हवी होती. त्यांचेही बरोबर होते. सभेत काहींनी आम्हाला दोष दिला, की मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. एकाने तर काही रविवार बोलणे सोडले. दोन महिन्यांनी गाडी घेतली ती आमच्यातल्याच त्या येझदीवाल्याने, एलटीच्या भावात. काकूंच्या छपराचे निम्मे काम त्यातून झाले. उरलेले निम्मे अजून ताडपत्रीखाली आहे. पावसात काकूंकडे गेलो की ती ताडपत्री आधी दिसते. आपण केले ते योग्य होते याची खात्री तिच्याखाली उभे राहून जेवढी वाटायला हवी तेवढी दरवेळी वाटत नाही.

येझदीवाला गाडी घेऊन गेला त्या दिवशी वहीचा प्रश्न निघाला. त्याला ती गाडीसोबत हवी होती. काकू द्यायला तयार होत्या. पण त्याआधी एक पान पुरे करायचे राहिले होते. काकांच्या शेवटच्या नोंदीखाली आम्ही तारीख घातली, किलोमीटर उतरवून घेतले आणि लिहिले: “दोन्ही सिलिंडर उघडून पाहिले. एलटीचे आहेत. घेणाऱ्याला सांगितले.” खाली नाव लिहिले. क्षणभर थांबलो, आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर आणखी एक ओळ घातली, कारण दुरुस्ती अर्धीच राहिली होती: “दौलताबादच्या रस्त्यावर बुलेट मागे पडली तेव्हा, १९९८ मध्ये, हेच सिलिंडर होते. आम्ही इतकी वर्षे चुकीचे सांगत होतो.”

आता रविवारी ती गाडी पुन्हा त्याच ओळीत उभी असते. कुणी नवखा माणूस विचारतो, एचटी का? येझदीवाला सांगतो, नंबर एचटीचा, सिलिंडर एलटीचे, डिसेंबर १९९६ पासून. नवख्याला ते उत्तर जरा लांबलचक वाटते. आमची खुर्ची मात्र अजून शाबूत आहे.